नकाशावर सहा किलोमीटर

नवीन नोकरी लागली तेव्हा मी ठरवलं होतं, घर ऑफिसला सायकलने जाता येईल अशाच ठिकाणी घ्यायचं. भाडं, पाणी, शेजार हे सगळं पटापट उरकलं. शेवटी दोन भाग उरले: एक ऑफिसपासून सहा किलोमीटरवर, दुसरा नऊवर. यात विचार कसला करायचा? सहाचा घेतला. रविवारी सकाळी चालवूनही पाहिलं, बावीस मिनिटं लागली. खुशीत टोकन देऊन टाकलं.

रविवारी चालवून पाहणं हा शुद्ध मूर्खपणा होता.

मंगळवारी ऑफिसच्या वेळेला, पाठीवर लॅपटॉपची बॅग घेऊन निघाले. छत्तीस मिनिटं! त्यातली तेरा एकाच चौकात. मध्ये हायवे आडवा येतो, हे नकाशावर एका जाड रेघेपलीकडे काही वाटत नाही. पण तिथे वळणाऱ्या गाड्यांसाठी वेगळी लेन आहे आणि तिला सिग्नलच नाही. सरळ जाणाऱ्या सायकलवाल्याला आधी ती न थांबणारी रांग कापावी लागते, मग सिग्नलपाशी पोचायचं. लाल दिवा तीन मिनिटं, हिरवा जेमतेम तीस सेकंद. पुढे उभी असलेली बस हलेपर्यंत तो संपतो. उड्डाणपुलावर सायकलला बंदी. भुयारी मार्ग आहे, पण पायऱ्यांचा. सायकल खांद्यावर घेऊन एकदा उतरले, पुन्हा त्या वाटेला गेले नाही. आणि सिग्नल सुटला की लगेच चढ. शंभर मीटरला पाच मीटर म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण सपाटीवरचा वेग तिथे ठेवायचा तर जवळपास चौपट जोर लागतो. तोही थांबलेल्या सायकलवरून, मागे हॉर्न वाजत असताना.

एजंट म्हणाला, "मॅडम, सवय होईल." त्याने स्वतः तो चौक मोटारीच्या काचेतूनच पाहिलेला.

तरीही मी आठवडाभर हट्टाने गेले. पाऊण तास लवकर निघून पाहिलं, उशिरा निघून पाहिलं. एकदा उलट्या बाजूने घुसले. समोरून आलेल्या टेम्पोवाल्याने जे सुनावलं ते अगदी योग्य होतं. शनिवारी टोकन परत मागितलं. ते मिळायला तीन आठवडे आणि अकरा फोन लागले.

नऊ किलोमीटरवालं घर घेतलं. चौतीस मिनिटं लागतात. रोज चौतीस, फार तर छत्तीस. आतल्या गल्ल्यांचा रस्ता आहे, सिग्नल दोनच. अठराच्या वेगाने चाललेली सायकल पूर्ण थांबवून पुन्हा त्या वेगाला आणायची म्हणजे सपाटीवर पाऊणशे मीटर जादा चालवल्याइतकी ताकद खर्च होते, हे मी नंतर हिशोब मांडून काढलं. पायांना आधीच कळलं होतं.

जाता-येता दोन्ही वेळा चालवून पाहा, हे सांगायचं राहिलंच. परतीचा रस्ता वेगळाच निघतो, कारण एकेरी वाहतूक. शिवाय घर ऑफिसच्या पूर्वेला असेल तर सकाळी आणि संध्याकाळी ऊन पाठीवर राहतं, पश्चिमेला असेल तर दोन्ही वेळा डोळ्यांत. माझं पूर्वेला आहे. मुद्दाम निवडलं असं सांगायला आवडलं असतं, पण नशीब.

आणि हो, सायकल रात्री कुठे ठेवणार ते करार करण्याआधी विचारा. माझी तिसऱ्या मजल्यावर जाते, लिफ्टमध्ये पुढचं चाक वर करून उभी केली की मावते. हे मी टेप घेऊन मोजलं होतं. तोवर शहाणी झाले होते.

त्या एजंटचा अजून फोन येतो. "मॅडम, एक छान फ्लॅट आहे, चौकाच्या अगदी जवळ." मी फक्त विचारते, अलीकडे की पलीकडे?