सेरामपूरचा प्रवेश: सगळं अडलं बाप्तिस्म्याच्या उताऱ्यावर

नाशिकहून बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) करायला पश्चिम बंगालमधल्या सेरामपूरला, म्हणजे तिथल्या श्रीरामपूरला, जायचं म्हटलं की लोक अंतराची, बंगाली भाषेची आणि जेवणाची काळजी करतात. त्यातलं काहीच अडत नाही. अडतो तो बाप्तिस्म्याचा दाखला, आणि तोही आपल्याच मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कार्यालयात. माझा राग अजून पुरता गेलेला नाही, त्यामुळे बाकीचे टप्पे दोन ओळींत उरकतो.

पदवीची गुणपत्रकं, ग्रंथालयाचं ना-देय प्रमाणपत्र, कॉलेज सोडल्याचा दाखला, विद्यापीठाचं मायग्रेशन प्रमाणपत्र. क्रम हाच ठेवा, कारण ना-देयाशिवाय दाखला नाही आणि दाखल्याशिवाय मायग्रेशन नाही. मूळ दाखला एकदा जमा झाला की परत मिळायचा नाही, म्हणून हातात पडल्या दिवशीच साक्षांकित प्रती काढून ठेवा. वैद्यकीय प्रमाणपत्र सर्वांत शेवटी घ्या, जुन्या तारखेचं झालं तर पुन्हा मागतात.

आता मुद्द्याचं. नोंदवहीत मराठीत ‘शमुवेल’, दहावीच्या गुणपत्रिकेवर इंग्रजीत ‘सॅम्युएल’, आधारवर तिसरंच काहीतरी. आपल्याकडे हे घरोघरी आहे. शिवाय बाप्तिस्म्याच्या नोंदीत बहुतेक वेळा नुसतं मुलाचं नाव असतं आणि आईवडिलांचे रकाने वेगळे असतात; पुणे विद्यापीठाच्या गुणपत्रकावर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव; आणि अर्जात आधी नाव, शेवटी आडनाव. तीन कागदांवर तीन क्रम. परराज्यातल्या कारकुनाला ही तीन माणसं वाटली तर त्याला दोष देता येत नाही.

दोष आमच्या मंडळीच्या कार्यालयाचा. मी मागत होतो उतारा, म्हणजे वहीतल्या नोंदीची नक्कल, ते समजत होते नावबदल. ‘नाव बदलायचं तर कमिटीचा ठराव लागेल, कमिटी पुढच्या महिन्यात.’ पुढचा महिना उपवासकाळाचा, मग पुण्य आठवडा, मग ईस्टर. तेवढ्यात पाळकसाहेबांच्या बदलीची कुणकुण. कार्यालय उघडणार रविवारी उपासनेनंतर, आणि किल्ली मंडळीच्या ज्या वडिलांकडे (एल्डरकडे) ते नेमके लग्नाला गेलेले. कोणाची वाईट इच्छा नसते, आणि म्हणूनच भांडताही येत नाही. ‘देवाच्या कामाला जातोयस, धीर धर’ असं वर ऐकून घ्यावं लागतं. अर्जाची शेवटची तारीख मात्र धीर धरत नाही.

कोंडी सुटते ती अर्जाच्या भाषेने. लेखी अर्जात ‘दुरुस्ती’ किंवा ‘बदल’ हा शब्द चुकूनही येऊ देऊ नका. लिहायचं एवढंच: ‘बाप्तिस्मा नोंदवहीतील माझ्या नोंदीचा, मूळ वहीप्रमाणे जसाच्या तसा उतारा मिळावा.’ असा उतारा ज्याच्या ताब्यात वही आहे तो पाळक सहीशिक्क्याने देऊ शकतो, त्याला ठराव कशाला? उताऱ्यात नोंद क्रमांक, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, आईवडिलांची नावं, बाप्तिस्मा देणाऱ्या पाळकांचं नाव आणि उतारा दिल्याची तारीख असलीच पाहिजे. कार्यालयाला इंग्रजी स्पेलिंग स्वतःच्या मनाने करू देऊ नका. दहावीच्या गुणपत्रिकेची प्रत अर्जाला जोडा आणि इंग्रजी नाव त्याच अक्षरांत लिहून घ्या. दहावीची गुणपत्रिका हा खुंटा, बाकी सगळं त्याला बांधायचं.

आणि कोणी प्रेमाने वहीतच खाडाखोड करून द्यायला निघालं तर हात धरा. ओव्हररायटिंग दिसलं की अख्खी नोंद संशयात जाते. टीप द्यायचीच असेल तर समासात, तारीख आणि सहीसकट.

दृढीकरणाची (कन्फर्मेशनची) नोंद वेगळ्या वहीत असते. तोही दाखला त्याच अर्जात मागा, नाहीतर हेच चक्र पुन्हा. शिफारसपत्रही सध्याच्या पाळकांच्या सहीचं लागतं. बदली होऊ घातली असेल तर सगळ्या सह्या आधी.

उतारा हाती आला तरी नावांतला फरक राहतोच. त्यावर प्रतिज्ञापत्र: अमुक नोंदीतील शमुवेल आणि अमुक गुणपत्रिकेवरील सॅम्युएल ही एकच व्यक्ती. दोन्ही नावं कागदावर आहेत तशीच, सोबत जन्मतारीख आणि आईवडिलांची नावं. नाशिकला सीबीएसजवळ जिल्हा न्यायालयाच्या आवारात टायपिस्ट, नोटरी, मुद्रांक विक्रेते सगळे सापडतात. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा मुद्रांक गेला, आता पाचशेचा घ्यावा लागतो. मुद्रांक स्वतःच्या नावावर घ्या आणि सहा महिन्यांच्या आत वापरा. नोटरीच्या रजिस्टरचा क्रमांक आणि तारीख कागदावर पडली का, हे तिथे उभं राहूनच बघा. टायपिस्टच्या साच्यात आधीच्या गिऱ्हाईकाचं गाव राहून जातं, तेही वाचा.

फरक नुसत्या स्पेलिंगचा असेल तर एवढं पुरतं. घरचं नाव एक आणि बाप्तिस्म्याचं अगदीच वेगळं असेल तर मात्र राजपत्राशिवाय गत्यंतर नाही. शासकीय मुद्रण संचालनालयाकडे ऑनलाइन अर्ज होतो. त्याला आठवडे लागतात, म्हणून पदवीच्या शेवटच्या सत्रातच सुरू करा.

एवढी घासाघीस कशासाठी, तर पदवी कॉलेज देत नाही. सेरामपूर कॉलेज १८१८ चं, कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी काढलेलं. पदव्या द्यायचा अधिकार १८२७ च्या डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने आला, आणि धर्मशास्त्राच्या पदव्या आज सेरामपूरची सिनेट ही संस्था देते, ती १९१८ च्या कायद्याने बनली. सिनेटशी संलग्न कॉलेजं पुण्यापासून ईशान्येपर्यंत पसरलेली आहेत. सिनेटकडे नाव एकदा चुकीचं नोंदलं गेलं की ते पदवीपर्यंत तुमच्या मागे येतं, आणि बदलायला पुन्हा उतारा लागतोच. मराठी माणसाला तिथे परकं वाटायचं कारण नाही, हेही सांगून टाकतो. कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ साली तिथेच छापलं गेलं.

मधेच आठवलं. कागद पोस्टाने पाठवताना पाकिटावर नुसतं ‘श्रीरामपूर’ लिहू नका. आपल्याकडच्या माणसाला नगरकडचं श्रीरामपूरच आठवतं, पिन ४१३७०९. तुम्हाला हवं ते हुगळी जिल्ह्यातलं, पिन ७१२२०१. जिल्हा, राज्य आणि पिन ठळक लिहा आणि स्पीड पोस्टची पावती जपा.

वसतिगृहासाठी मच्छरदाणी इथूनच न्या, हुगळीचा काठ आहे. जेवणात भात आणि मोहरीचं तेल गृहीत धरा. बाजरीचं पीठ नेऊ नका, त्या दमट हवेत टिकत नाही. काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी टिकते. शिकवणं इंग्रजीत, पण खरी कसोटी ग्रीक आणि हिब्रूची. लिपी तरी सुट्टीत गिरवून जा, वर्गात कोणी थांबत नाही. प्रार्थनासभेची हजेरी धरतात.

गाडी गीतांजली. नाशिकरोडला सकाळी मिळते, दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि जून-जुलैचं लगेच भरतं. हावड्याहून बंडेल लोकल पकडली की अर्ध्या-पाऊण तासात श्रीरामपूर स्टेशन. मूळ कागद पेटीत न ठेवता अंगावरच्या पिशवीत ठेवा.