तुम्ही विचारलंत म्हणून: एका स्पीडब्रेकरचे दोन अर्ज

"स्पीडब्रेकर हवा म्हणून तुम्हीच मागे लागला होतात ना? मग आता त्याच्याचविरुद्ध अर्ज कसा?" गिरणीत विचारतात, रिक्षा स्टँडवर विचारतात, परवा तर लग्नाच्या पंगतीत मठ्ठा वाढणाऱ्यानेही विचारलं. हसून सोडून द्यायचा कंटाळा आलाय. एकदाच सांगते.

पहिला अर्ज माझाच. शाळेसमोर टेम्पोने चौथीतल्या पोराला उडवलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. बेचाळीस सह्या मी दारोदार फिरून आणल्या. अर्जात नुसतं 'गतिरोधक बसवावा' एवढंच. केवढा, कसा, हे लिहायचं असतं हे मला काय माहीत? (माहीत नव्हतं तर विचारायचं होतंस की, बाई. बेचाळीस घरं फिरलीस, एका इंजिनिअरला विचारलं नाहीस.)

एका शनिवारी खड्डे बुजवून उरलेला माल आला, रस्त्यावर आडवा ओतला, फावड्याने थोपटला, झालं काम. रोलर नाही, पांढरे पट्टे नाहीत, पुढे गतिरोधक आहे असं सांगणारा फलकही नाही. आणि मी नगरपालिकेत जाऊन पेढे वाटले. हो, वाटले.

मग श्रावणातला तो सोमवार. शेजारच्या काकू जावयाच्या बाइकवर एका अंगाला बसून देवळातून येत होत्या. भुरभुर पाऊस, खांबावरचा दिवा गेलेला, जावयाला रस्ता नवा. मी ओट्यावर कपडे घड्या करत होते. आधी बाइकचा दणका ऐकू आला, मग तांब्या घरंगळल्याचा आवाज, बराच वेळ. धावले तर काकू रस्त्यात बसल्यासारख्या, एक चप्पल त्या डांबराच्या ढिगावर. मला बघून म्हणाल्या, "अगं, पाय उचलत नाहीये गं." जावई नुसता "दिसलाच नाही, दिसलाच नाही" करत होता. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता वॉकर. काकू मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्यांची लेक मात्र दवाखान्याच्या जिन्यात म्हणाली, "तुमच्याच स्पीडब्रेकरवर हो, ताई." रागाने नाही म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी शिवणाची टेप घेऊन गेले. उंची 23 सेंटिमीटर, रुंदी 60 सुद्धा नाही. रस्त्यांची मापं ठरवणारी संस्था आहे, इंडियन रोड्स काँग्रेस; तिच्या मानकात गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो. ताशी 25 किलोमीटरने गाडी त्यावरून अलगद जावी असा. आमच्याकडे होती ती नुसती बांधाची पाळ.

तेव्हा नीट ऐका: दुसऱ्या अर्जात मी 'काढून टाका' म्हटलेलं नाही. 'फोडून मापाप्रमाणे करा' म्हटलंय. वाचत कुणी नाही, बोलतात सगळे. अर्थात त्या रात्री मला पहार घेऊन तो उखडावासा वाटला होता, हे नाकारत नाही. आणि तो झाल्यापासून शाळेसमोर एकाही पोराला धक्का लागलेला नाही, हेही खरंच. टेम्पोने उडवलेला तो मुलगा रोज तिथूनच रस्ता ओलांडतो. काकूंच्या खिडकीतून दिसतो.

नगरपालिकेतले साहेब फाइल उघडून म्हणाले, "मॅडम, आधी काय ते एक ठरवा." दोन्ही अर्ज एकमेकांना टाचलेले, दोन्हींवर माझीच सही.

काम अजून झालेलं नाही. तोवर पाऊस उघडला की मी चुन्याची बादली घेऊन पट्टे ओढते. गेल्या रविवारी एक बाइकवाला थांबला. "काढताय का, मावशी?"

"रंगवतेय."

"काढा की," म्हणाला, आणि गटाराच्या कडेला दुचाक्यांनी पाडलेल्या फटीतून सुसाट गेला. शाळेतली पोरं त्याच कडेने चालतात.