दापोलीकडचं घर आणि परस: उन्हाळ्याची नोंद

कोकणात राहायला जागा बघायची तर मे महिन्यात बघा. जुलैत इथलं कुठलंही घर मनात भरतं. दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी वरच्या वाड्या एप्रिलपासून टँकरची वाट बघतात. कारण पायाखालचा जांभा, म्हणजे कोकणातला लाल, सच्छिद्र दगड. त्यात पाणी मुरतं, पण टिकत नाही. उतारानं झिरपत खाडीला जाऊन मिळतं. म्हणून सड्यावरचा, म्हणजे वरच्या कातळी पठारावरचा, समुद्र दिसणारा प्लॉट सोडून आम्ही खालच्या अंगाचं जुनं कौलारू घर घेतलं. खिडकीतून दिसतात ती आंब्याची कलमं आणि शेजारचा गोठा. पण मेअखेरीलाही विहिरीत कमरेइतकं पाणी होतं, आणि आमचं तिथेच ठरलं.

पंप मुद्दामच बसवलेला नाही. रहाटानं पाणी शेंदलं की रोज खरंच किती लागतं ते कळतं. मोरीचं पाणी केळी आणि अळवाला जातं. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर कडवे वाल आणि कुळीथ घेतले. त्यांना वरून पाणी द्यावंच लागलं नाही.

यंदाचा खरा आनंद मात्र मडक्यांचा. न रंगवलेली, झिलई नसलेली मडकी गळ्यापर्यंत पुरली, भोवती दुधी आणि कारली टोकली, मडक्यात पाणी भरून तोंडावर करवंटी झाकली, म्हणजे डास होत नाहीत. पाणी मडक्याच्या अंगातून हळूहळू पाझरतं. वरची माती भर दुपारी पांढरी पडलेली असते, पण बोटभर उकरलं की गार ओल लागते. हंगाम संपल्यावर एक मडकं उपसून काढलं, तर मुळांनी त्याला जाळीसारखं वेढलं होतं. तण जवळजवळ नाहीच, कारण वर ओल येतच नाही. नारळाला हा उपाय पुरणार नाही. त्याला मोठं आळं आणि झावळ्यांचं आच्छादनच हवं.

आता पन्हळींचं काम काढलंय. चौरस मीटरवर मिलिमीटरभर पाऊस म्हणजे एक लिटर. आमच्या 60 चौरस मीटर छपरावर वर्षाला दोन लाख लिटर पडतं. सुरुवातीच्या सरींचं पाणी सोडून द्यायचं, नंतरचं खडी, कोळसा आणि वाळूतून गाळून विहिरीत घ्यायचं असा बेत आहे. कौलांवरचं शेवाळ गाळणीत अडकतं. कुणी असं केलं असेल तर वाळू पावसाळ्यात किती वेळा धुवावी लागते, ते जरूर कळवा.