पॉपिन्स ब्लॅकमधली दुकानाची पाटी: माझा अनुभव

दुकानाची मराठी-इंग्रजी पाटी पॉपिन्स ब्लॅक या जाड फाँटमध्ये, अ‍ॅक्रिलिकच्या कापीव अक्षरांत करून घेतली. फाँट, रंग, माप चटकन ठरलं. घोडं अडलं कटिंगवाल्याकडे, आणि तिथे दर वेळी एकच उत्तर: ‘फाँटच खराब आहे.’ याची चीड अजून गेलेली नाही, कारण फाँटमध्ये काहीही खराब नव्हतं.

देवनागरी फाँटमध्ये प्रत्येक अक्षर शिरोरेषेचा आपला तुकडा घेऊन येतं आणि तो शेजारच्या अक्षरावर किंचित चढतो, मध्ये फट दिसू नये म्हणून. छपाईत हे कळतही नाही. अक्षरं कापणारा लेसर मात्र रंग बघत नाही, फक्त कडा बघतो. मग प्रत्येक जोडावर उभा काप बसतो आणि पाटीवरचा ‘भांडार’ हा शब्द तुकड्या-तुकड्यांनी हातात येतो.

त्यावर उपाय म्हणून कटिंगवाल्याच्या कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये ‘कम्बाइन’ मारलं गेलं. त्याने जोड मिटत नाहीत, उलट आकार एकमेकांवर येतात तिथे भोक पडतं. मग ‘ब्रेक अपार्ट’, म्हणजे सगळे आकार सुटे करणं. त्यात ब, व, ष यांच्या पोटातली पोकळी सुटी होते आणि वेल्ड केलं, म्हणजे आकार एकत्र सांधले, की पोट भरून जातं.

खात्रीचा मार्ग फुकट मिळणाऱ्या इंकस्केप या चित्ररेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. मजकूर टाइप करा, ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ (अक्षरांचे आकार होतात), मग ‘अनग्रुप’, मग सगळं निवडून ‘युनियन’ (सगळ्याचा एकच आकार होतो). फक्त कडा दाखवणाऱ्या आउटलाइन व्ह्यूमध्ये शिरोरेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासा. आत एकही उभी रेघ दिसता कामा नये. हीच फाइल द्या. मजकूर त्यांना पुन्हा टाइप करू देऊ नका, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरं फुटतात.

पॉपिन्सच का? इंडियन टाइप फाउंड्रीचा हा भौमितिक फाँट 9 वजनांत, म्हणजे 9 जाडींत आहे, ब्लॅक त्यातलं सर्वांत जाड. गुगल फाँट्सवर मोफत, धंद्यासाठीही. मुख्य म्हणजे त्यातली देवनागरी अक्षरं रोमन कॅपिटलपेक्षा उंच आहेत. महाराष्ट्रात 2022 च्या कायदादुरुस्तीनंतर पाटीवरचं मराठी इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. इथे दोन्ही ओळी एकाच पॉइंटमध्ये ठेवल्या तरी मराठी उठून दिसतं.

अक्षरांतलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. पत्ता आणि फोन ब्लॅकमध्ये नको. लहान आकारात क्ष, श्र यांची पोटं बुजतात, तिथे मीडियम वजन घ्या. फाँट नक्की करण्याआधी ‘दुसऱ्या’ टाइप करून ऱ्या नीट येतो का ते बघाच.

शब्द 8 फुटी शीटपेक्षा लांब असेल तर तोडायची जागा स्वतः आखून द्या: दोन अक्षरांच्या मधल्या शिरोरेषेवर, सरळ उभी, कान्यातून कधीच नाही. अनुस्वार सुटाच निघतो. त्याची जागा अंदाजाने ठरवू नका. पूर्ण मापाचा कागदी साचा भिंतीवर चिकटवून त्यावरूनच भोकं पाडायला लावा.