एशूची पाटी

संग्रहालयातील वस्तूंच्या पाट्या लिहिण्याचे काम मी गेली बरीच वर्षे करतो. पाटी साठ शब्दांपेक्षा मोठी झाली, तर ती कोणी वाचत नाही, म्हणून वस्तू कोणती, कोठली आणि कशासाठी वापरली जात असे, एवढेच सांगून थांबायचे असते. पश्चिम आफ्रिकेतील शिल्पांचे प्रदर्शन उघडायला दोन दिवस उरले असताना माझ्या टेबलावर शेवटच्या काही पाट्या होत्या. त्यांतली एक नैर्ऋत्य नायजेरियातील योरुबा लोकांच्या लाकडी दंडाची होती. हा दंड नाचताना खांद्यावर अडकवतात. त्याच्या टोकाला कोरलेल्या माणसाची केसांची लांब शेंडी मागे वळलेली होती आणि गळ्यात कवड्यांच्या माळा होत्या. जुन्या इंग्रजी नोंदवहीत या वस्तूपुढे ‘डेव्हिल’ असा शब्द होता, त्यामुळे फारसा विचार न करता मी ‘सैतानाची मूर्ती’ असे लिहून मोकळा झालो होतो.

त्या दिवशी एक योरुबा अभ्यासक प्रदर्शनाची मांडणी पाहायला आले होते. पाटीवर काय लिहिले आहे, असे त्यांनी विचारल्यावर मी वाचून दाखवले आणि मूळ मराठी शब्दही उच्चारला. तो ऐकताच ते हसले. त्यांचे वडील मुसलमान, आई ख्रिस्ती आणि आजोबा इफा या योरुबांच्या पद्धतीने कौल पाहणारे बाबालावो, म्हणजे दैवज्ञ होते. ते म्हणाले, ‘तुमचा शब्द माझ्या वडिलांच्या ओळखीचा आहे.’ ‘सैतान’ हा मूळचा अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत येऊन मुरला, हे मला ठाऊक होते. पण आपण योरुबांच्या एका देवावर एकाच वेळी दोन परक्या धर्मांचे शिक्के मारले आहेत, हे मात्र तोवर माझ्या ध्यानात आले नव्हते.

तो दंड एशूचा होता. एशू चौरस्त्यावर आणि बाजारात असतो, माणसांचे नैवेद्य वरच्या लोकी पोचवतो, आणि कोणत्याही देवाची पूजा असली तरी त्याचा वाटा आधी काढावा लागतो. तो खोड्याही काढतो. दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या रंगाची टोपी घालून तो दोन मित्रांच्या शेतांमधून चालत गेला आणि टोपीच्या रंगावरून त्या दोघांत भांडण लागले, ही त्याची कथा प्रसिद्ध आहे. त्यात खोडसाळपणा भरपूर आहे, पण ईश्वराविरुद्धचे बंड कुठेच नाही. योरुबांच्या जुन्या धर्मात परमेश्वराचा असा कायमचा शत्रूच नाही.

मग हा शब्द आला कोठून, हे पाहुण्यांनी सविस्तर सांगितले. सॅम्युएल अजायी क्राउदर यांना १८२१ मध्ये, योरुबांच्या ओयो साम्राज्याच्या पडझडीच्या धामधुमीत, गावावरील हल्ल्यात पकडून गुलाम म्हणून विकण्यात आले. पुढल्याच वर्षी ब्रिटिश आरमाराने त्यांची सुटका केली. १८६४ मध्ये ते अँग्लिकन चर्चचे पहिले आफ्रिकी बिशप झाले, आणि योरुबा बायबलच्या भाषांतराचे मोठे काम त्यांच्या हातून झाले. या भाषांतरात परमेश्वरासाठी ‘ओलोरुन’ हे जुने नाव ठेवले गेले आणि सैतानासाठी एशूचे नाव घेतले गेले. जुन्या दैवतांपैकी सर्वांत वरचे एक उचलून धरले आणि एकाला थेट नरकात पाठवले, असे मला त्या क्षणी वाटले. काही वाईट घडले की ‘हे एशूचे काम’ असे आज योरुबा माणूस सहज म्हणतो, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

याहून मौजेची गोष्ट पुढेच होती. ख्रिस्ती पाद्री येण्याच्या कितीतरी आधीपासून योरुबांमध्ये इस्लाम होता. त्याचे ‘इमाले’ हे नाव माली देशाशी जोडले जाते. त्यामुळे बायबलच्या भाषांतरकारांना धार्मिक शब्द हवे होते तेव्हा बरेच शब्द मुसलमानांकडून आलेले तयारच मिळाले. धर्मोपदेशकाला ‘अलुफा’ आणि प्रवचनाला ‘वासू’ हे शब्द चर्चमध्ये त्याच वाटेने रुळले. प्रार्थनेचा ‘अदुरा’ हा शब्द तर अरबी ‘दुआ’वरून आलेला आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत औषधे हतबल ठरल्यावर काही योरुबा ख्रिस्ती प्रार्थनेने रोग बरा करण्याकडे वळले आणि त्यातून पुढे जी चर्चे वाढली, त्यांना ‘अलादुरा’, म्हणजे प्रार्थना करणारी, असे म्हणतात. स्वप्ने, दृष्टान्त आणि मंतरलेले पाणी यांना त्या चर्चमध्ये जे महत्त्व आहे, त्याचे मूळ बाबालावोच्या अंगणात आहे, असे पाहुण्यांचे मत पडले. मला ते पटले, पण माझ्या मते ते अर्धेच आहे, कारण अंगण तेच राहिले तरी बाबालावोचे दैवत तिथे उरले नव्हते.

जुना धर्मही नुसता सोसत बसला नव्हता. इफाच्या २५६ ओदूंपैकी, म्हणजे कौल सांगणाऱ्या पाठांपैकी, ‘ओतुरा मेजी’ हा इस्लामशी जोडलेला मानतात, म्हणजे आलेल्या धर्मालाच इफाने आपल्या पोथीत जागा करून दिली. मुसलमानांच्या रमलाशीही इफाचे साम्य आहे, कारण दोन्हींत एकेरी आणि दुहेरी खुणांच्या सोळा मुख्य आकृत्या असतात. नावांत मात्र तह झाला नाही. ‘इफा’ किंवा ‘ओगुन’ (लोखंडाचा देव) यांनी सुरू होणारी घराण्याची नावे बदलून कित्येक ख्रिस्ती कुटुंबांनी तिथे ‘ओलू’ (प्रभू) किंवा ‘जेसू’ (येशू) घातले, आणि आपल्या आईच्या माहेरी तेच झाल्याचे पाहुणे काहीसे तुटकपणे म्हणाले.

दुपारी मी पाटी पुन्हा लिहायला बसलो. मराठी वाचकाला चटकन उमजावे म्हणून ‘अग्रपूजेचा मान असलेला, वेताळासारखा देव’ असे काहीतरी सुचले आणि मी ते उत्साहाने वाचून दाखवले. पाहुण्यांनी वेताळ कोण हे विचारून घेतले, थोडा वेळ थांबले आणि म्हणाले की क्राउदर यांनीही हेच केले होते. आपल्या वाचकांना समजावे म्हणून जवळची चौकट शोधली होती. यावर मला उत्तर नव्हते. एवढी वर्षे मी जे कौशल्य समजत होतो, ते नेमके हेच होते.

शेवटी पाटीवर ‘एशू’ एवढेच नाव राहिले. त्याखाली चौरस्ता, नैवेद्य, टोपीची कथा आणि ‘भाषांतरांमुळे याचे नाव सैतानाला दिले गेले’ असे एक वाक्य घातले. पाटी एक्क्याऐंशी शब्दांची झाली. वरिष्ठांनी शब्दसंख्येवरून नाक मुरडले, पण सही केली. नोंदवही दप्तरी दस्तऐवज असल्याने तिच्यातला मजकूर खोडता येत नाही. म्हणून ‘डेव्हिल’ या शब्दाशेजारी समासात मी पेन्सिलीने ‘एशू पाहावे’ असे लिहिले आणि वही कपाटात ठेवली.