नेपियरला मक्याची कृती चालत नाही

मक्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा, बिघडवायला तसे कष्टच पडतात. दाणा चिकाच्या पुढे गेला की चाऱ्यात ३० ते ३५ टक्के शुष्क पदार्थ (पाणी वजा जाता उरणारा भाग) असतो, साखर भरपूर असते. दाबून हवाबंद केला की सामू (पीएच; जितका कमी तितका चारा आंबट) आपोआप ४ च्या खाली उतरतो. त्याच पद्धतीने नेपियर, म्हणजे हत्ती गवत, भरलं, मग वाण यशवंत असो, जयवंत असो की को-५, तर दीड महिन्याने मुरघासाची बॅग सोडल्यावर खवट लोण्यासारखा वास येतो आणि तळाला काळपट पाणी साचलेलं दिसतं. लोक बॅगेला दोष देतात. बॅग बहुतेक वेळा ठीक असते, गवतच वेगळं असतं.

४५-५० दिवसांच्या नेपियरमध्ये शुष्क पदार्थ जेमतेम १५ ते २० टक्के. विरघळणारी साखर कमी. उष्ण प्रदेशातली गवतं आपला साठा स्टार्चच्या रूपात ठेवतात आणि साखरेचं आम्ल करून चारा आंबवणाऱ्या बहुतेक लॅक्टिक जिवाणूंना स्टार्च फोडता येत नाही. त्यात जाड कांड्या नीट दबत नाहीत, हवा अडकते. मग सामू पाचाच्या आसपास रेंगाळतो आणि ओल्या कुट्टीत क्लॉस्ट्रिडियम जिवाणू वाढून लॅक्टिक आम्लाचं ब्युटिरिक आम्ल करतात. तोच तो वास.

म्हणजे दोन कामं: पाणी कमी करायचं, साखर वाढवायची. बाकी सगळं त्यानंतर.

आधी पाणी. दव उडाल्यावर कापा आणि पसरून ठेवा. अख्ख्या ताटाची पानं कोमेजतात, कांडी तशीच ओली राहते. म्हणून ऊन चांगलं असेल तर कुट्टी करून ताडपत्रीवर पातळ थरात तीन-चार तास पसरणं जास्त उपयोगी पडतं. हिशोब लक्षात असू द्या: १८ टक्के शुष्क पदार्थाचं १ टन गवत २८ टक्क्यांवर आणायचं तर त्यातून साधारण ३५० किलो पाणी उडायला हवं. पावसाळ्यात हे जमत नाही. तेव्हा ज्वारीच्या कडब्याची कोरडी कुट्टी मिसळा. अशा १ टन ओल्या नेपियरला ११० किलो कडबा घातला की मिश्रण २५ टक्क्यांवर येतं, १६० किलो घातला की २८ वर. मक्याचा भरडा किंवा गव्हाचा कोंडाही पाणी शोषतो, पण भरड्यातला स्टार्च म्हणजेच आंबवणीला लागणारी साखर, या गैरसमजात राहू नका.

तपासायला मूठ पुरे. कुट्टी अर्धा मिनिट गच्च आवळा. बोटांतून पाणी गळलं तर भरायची घाई नको. हात ओलसर होऊन गोळा तसाच राहिला तर बरोबर. गोळा लगेच विस्कटला तर जास्त वाळलंय, आता दाबण्यावर जोर द्या.

आता साखर. सगळीकडे फिरणारी ‘टनाला किलो-दोन किलो गूळ’ ही मात्रा मक्यासोबत खपून जाते, कारण मक्याला गुळाची गरजच नसते. नेपियरला टनामागे २० किलो गूळ लागतो, किंवा ३० ते ४० किलो मळी (मोलॅसिस). तितक्याच किंवा त्याहून कमी पाण्यात कालवा. जास्त पाणी घातलंत तर आधीची मेहनत वाया. दर थरावर झारीने शिंपडा, एकाच जागी ओतू नका. ऊस हाताशी असेल तर टनाला १०० किलो उसाची कुट्टी मिसळूनही काम भागतं. मात्र ऊसच जास्त झाला तर यीस्ट माजतं आणि साखरेची दारू होते.

जिवाणू संवर्धक (आंबवणाऱ्या जिवाणूंचं विरजण) वापरायचं असेल तर लॅक्टोबॅसिलस प्लांटारम असलेलं घ्या, ग्रॅमला किमान १ लाख जिवंत जिवाणू पडतील इतकं. क्लोरिनच्या पाण्यात कालवू नका. साखर न घालता नुसतं संवर्धक टाकणं म्हणजे चुलीत लाकूड न घालता फुंकत बसणं. विकत नको असेल तर घरचा पर्याय आहे: २०० ग्रॅम ताजं गवत १ लिटर पाण्यात वाटून गाळा, २ टक्के साखर घाला, बाटलीत हवाबंद करून दोन दिवस सावलीत ठेवा आणि टनाला १० लिटर वापरा. गवतावरचेच जिवाणू वाढून मिळतात. विरजण म्हणून ताकाचा भरवसा मी धरणार नाही, त्यातले जिवाणू दुधावर पोसलेले. आणि ओल्या नेपियरमध्ये युरिया तर घालूच नका. त्याचा अमोनिया होतो आणि सामू खाली येऊ देत नाही.

कुट्टी १ ते २ सेंटिमीटर. पात्याला धार नसेल तर कांडी कापली न जाता चिरडते आणि लांब तुकडे स्प्रिंगसारखे उसळतात. थर चार-सहा इंचांचा, त्यावर तुडवण. घनफुटात १५ किलोच्या वर बसलं तर ठीक. खड्डा एका दिवसात भरून झाकायचा, तळाला उतार आणि वीतभर कोरडा कडबा ठेवायचा. बॅगेचं तोंड पिळून, दुमडून बांधा. बॅगा सावलीत ठेवा. आतली उष्णता ४० अंशांपुढे गेली की चांगले जिवाणू मागे पडतात. असा तापलेला, तंबाखूच्या रंगाचा, जळक्या गोड वासाचा मुरघास गुरं आवडीने खातात, पण त्यातली प्रथिनं नीट पचत नाहीत.

४५ दिवसांनी उघडल्यावर २५ ग्रॅम मुरघास १०० मिली स्वच्छ पाण्यात अर्धा तास भिजवून सामू पट्टीने बघा. ४.२ च्या आत असेल तर जमलं. खड्ड्यातून रोज पूर्ण रुंदीचा अर्ध्या फुटाचा तरी काप निघाला पाहिजे, नाहीतर उघडी बाजू तापते. म्हणून दोन-तीन गाई असतील तर ५० किलोच्या बॅगाच बऱ्या. ब्युटिरिकचा वास हाताला चिकटून राहत असेल तर तो मुरघास नुकत्याच व्यालेल्या गाईला देऊ नका, तिला कीटोसिसचा (रक्तात कीटोन वाढून भूक आणि दूध घटण्याचा आजार) धोका असतो. बुरशी दिसली तर तो भाग आणि भोवतीचा वीतभर थर उकिरड्यावर टाका. वाळवून वैरणीत मिसळू नका.