वारीतली शिदोरी आणि सुटलेली दारू

दारू सोडलेल्या माणसाला घेऊन पायी वारी करायची तर सगळ्यात आधी त्याच्या जेवणाची वेळ सांभाळावी लागते. माझ्या घरधन्यांनी माळ घातली, तेव्हापासून आम्ही दोघं आळंदी ते पंढरपूर चालतो आणि दिंडीच्या स्वयंपाकात माझा हात असतो. एवढ्या वाऱ्यांतून एक गोष्ट पक्की कळली आहे. तल्लफ बहुतेक वेळा भुकेच्या पाठीवर बसून येते. पोट रिकामं, पाय थकलेले, त्यात कुणाशी शब्दाला शब्द झाला, की माणूस आतून हलतो. आता ह्यांचा आवाज चढला की मी आधी घड्याळ बघते, मग पिशवीत हात घालते.

सुरुवातीलाच एक सांगते, कारण यात दरवर्षी कुणीतरी चुकतं. रोज पिणाऱ्या माणसाने वारीच्या पहिल्या दिवशी एकदम दारू सोडायची नाही. शरीराला सवय लागलेली असते. अचानक थांबवली की पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, काहींना फिट येते, काहींना भास होतात. यात जीवही जाऊ शकतो. हे दिवस डॉक्टरांच्या नजरेखालीच काढायचे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे, इतर ठिकाणीही व्यसनमुक्ती केंद्रं आहेत. तिथले उपचार पूर्ण होऊन, खाणं-झोप रुळावर येऊन काही महिने गेले, की मग डॉक्टरांना विचारून वारी. माळेचंही तसंच. माळ घातली म्हणजे दारू वर्ज्य, मांसाहार वर्ज्य, एकादशी आली, हरिपाठ आला, वारी आली. एवढं सगळं पेलायला अंगात बळ लागतं. आमची श्रद्धा विठ्ठलावर आहेच, म्हणून काही गोळी चुकवायची नसते.

आमच्या दिंडीत चाळीस माणसं. भिशी, म्हणजे प्रत्येकाचा खर्चाचा वाटा, आधी जमा होते, त्यातून ट्रक, गॅस, पाण्याचा टँकर, किराणा. पहाटे तीनला उठणं, आंघोळ, चहा. पालखी सहाच्या सुमाराला हलते. सामानाचा ट्रक पुढे निघून जातो आणि पुढच्या विसाव्याला चूल मांडतो. कागदावर हे सगळं नीट जमतं. रस्त्यावर मात्र ट्रक गर्दीत अडकतो, टँकरला पाणी मिळत नाही, पाऊस लागला की तंबू ठोकण्यातच तास जातो. बाराचं जेवण तीनला मिळतं. बाकीचे माळकरी भजनात वेळ काढतात, पण नुकत्या सावरलेल्या माणसाला हे तीन तास फार जड जातात. म्हणून दिंडीच्या जेवणावर सगळी भिस्त ठेवायची नाही. प्रत्येकाच्या खांद्याला आपली शिदोरी हवी.

शिदोरीत पहिला मान दशमीचा. तीन वाट्या ज्वारीचं पीठ, एक वाटी कणीक, पाऊण वाटी चिरलेला गूळ, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप आणि मळायला लागेल तसं दूध, साधारण दीड वाटी. निव्वळ ज्वारीची केली तर थापताना कडा फाटतात आणि पिशवीत तुकडे होतात, म्हणून कणीक. गूळ उकळत्या दुधात टाकायचा नाही, दूध फाटतं. दूध कोमट करावं आणि गूळ त्यात बोटांनी कुस्करून विरघळवावा. पीठ भाकरीपेक्षा घट्ट मळायचं, जाडसर थापायचं आणि मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी निवांत भाजायचं. घाई केली तर गुळामुळे वरून काळी होते आणि आत कच्ची राहते.

एवढं करूनही दशम्या वाया जातात त्या बांधताना. तव्यावरची दशमी फडक्यावर पसरून पूर्ण गार होऊ द्यायची. आषाढाच्या दमट हवेत याला अर्धा तास तरी लागतो. गरम असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबली तर आतून वाफेचे थेंब धरतात, दुसऱ्या दिवशी कडेला पांढरट बुरशी दिसते आणि वास बदलतो. सुती फडक्यात बांधलेली दशमी दोन दिवस छान राहते. दुधातली आहे, त्यामुळे तिसऱ्या दिवसावर भरवसा ठेवू नये. त्यापुढे कडक भाकरी. आमच्या सोलापूरकडच्या बाया पातळ थापून, निखाऱ्यावर किंवा मंद गॅसवर पापडासारखी कुरकुरीत करतात. डब्यात ओल शिरू दिली नाही तर ती वारीभर टिकते.

सोबत दाण्याची चटणी. आमच्या दिंडीत कांदा-लसूण चालत नाही, म्हणून पाव किलो भाजलेल्या दाण्यांना दोन चमचे तिखट, दीड चमचा मीठ, दोन चमचे भाजलेलं जिरं आणि दोन चमचे भाजलेले तीळ. खलबत्त्यात कुटायची. मिक्सर जास्त फिरला की तेल सुटून गोळा होतो. ओला चमचा घातला की चटणी लवकर खराब होते.

याशिवाय ह्यांच्या शबनममध्ये मूठभर फुटाणे, गुळाचा खडा, राजगिऱ्याचे दोन लाडू. दारू सुटल्यावर गोडाची ओढ वाढते, हे बऱ्याच घरांत दिसतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र नुसता गूळ खाल्ला तर तासाभरात पुन्हा गळून जायला होतं. गुळाबरोबर फुटाणे किंवा दाणे असले की जोम टिकतो. साखरेचा आजार असेल तर हे गणित वेगळं, ते डॉक्टरांकडूनच मांडून घ्यावं. दर दीड-दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकायचं, भूक लागायची वाट बघायची नाही. वाटेत माऊली-माऊली म्हणत लोक चहा, केळी, भजी, बुंदी हातावर ठेवतात. केळं घ्यावं. दहा ठिकाणचा चहा मात्र घेऊ नये. रात्री झोप येत नाही, आणि जागरण झालं की दुसऱ्या दिवशी चिडचिड.

आता एकादशीचं. पुणे ते सासवड हा टप्पा सगळ्यात मोठा, जवळजवळ तीस किलोमीटर, त्यात दिवे घाटाचा चढ, आणि तो बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीलाच येतो. उपास आणि सर्वांत लांब चाल एकाच दिवशी. पहिल्या वर्षी घाटाच्या मध्यावर ह्यांचे हात कापायला लागले. मला वाटलं जुनं दुखणं उलटलं. बसवून गूळ-दाणे दिले, पाणी दिलं, पंधरा मिनिटांत कापरं थांबलं. सकाळपासून पोटात फक्त चहा गेला होता. तेव्हापासून त्या दिवशी निघतानाच पोटभर फराळ होतो, घाटाच्या पायथ्याशी पुन्हा एकदा. उपास मोडणार नाही असंच सगळं, पण भरपूर. ज्यांची औषधं अन्नावर घ्यायची आहेत त्यांनी निरंकार उपास करायचाच नाही. आमच्या दिंडीतल्या महाराजांनीच हे सांगितलं. देवाला उपाशी माणूस घाटात पडलेला नको असतो, असं ते म्हणाले, आणि मला ते मनापासून पटलं.

साबुदाण्याची खिचडी चाळीस जणांना तीन किलो साबुदाणा, दीड किलो दाण्याचं कूट. साबुदाणा दोन-तीन पाण्यांतून धुऊन, वर जेमतेम अर्धं पेर पाणी ठेवून पाच तास झाकायचा. ट्रकच्या हिंदकळ्यांत पाणी एका बाजूला जातं, मग अर्धा दाणा कोरडा आणि अर्ध्याचा लगदा. म्हणून ट्रक हलण्याआधी पाणी ओतून टाकायचं आणि ओलं फडकं घालून ठेवायचं. तरीही चालायच्या दिवशी मला भगर आणि दाण्याची आमटी जास्त बरी वाटते, पोटाला हलकी आणि पातळ. अडीच किलो भगरीला नऊ लिटर पाणी. भगर मात्र सुटी, जुनी, ओलसर वासाची घेऊ नये. तिला बुरशी धरते आणि विषबाधा होते. उपासाच्या दिवशी गावंच्या गावं आजारी पडल्याच्या बातम्या येतात त्या यातूनच. बंद पाकीट, तारीख बघून. आणि तयार पीठ आणू नये, पीठ लवकर बिघडतं.

इतर दिवशी आमचं ठरलेलं अन्न म्हणजे पिठलं-भाकरी. चाळीस जणांना दीड किलो बेसन, बारा लिटर पाणी, दीड पाव तेल, मोहरी, जिरं, हिंग, हळद, हिरव्या मिरच्या, शेवटी कोथिंबीर. बेसन आधी तीन लिटर गार पाण्यात हाताने कालवून घ्यायचं, गुठळी बोटाला लागेनाशी होईपर्यंत. उरलेलं नऊ लिटर फोडणीत उकळायचं, मग कालवलेलं बेसन बारीक धारेने सोडत दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. कोरडं बेसन उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या, आणि एवढ्या मोठ्या पातेल्यात त्या फोडता येत नाहीत. ढवळताना पळी तळाला घासली पाहिजे. ॲल्युमिनियमच्या पातळ पातेल्यात भट्टीची ज्योत मोठी असेल तर दोन मिनिटांत खाली लागतं आणि करपट वास सगळ्या पातेल्यात पसरतो. उकळी आली की आच कमी करून, झाकण ठेवून बारा-पंधरा मिनिटं वाफ. ही वाफ चुकवली की बेसन कच्चं राहतं, रात्री पोट फुगतं आणि सकाळी चालताना जीव नकोसा होतो. तर्री-तेल ओतून पिठलं चमचमीत करण्याच्या फंदात मी पडत नाही. ज्यांच्या यकृताने आधीच खूप सोसलं आहे त्यांना साधं अन्नच सोसतं.

औषधांचं एक वेगळं बघावं लागतं. दारू पिऊ नये म्हणून डायसल्फिरामची गोळी चालू असेल तर थोडंसं अल्कोहोल पोटात गेलं तरी त्रास होतो, आणि खोकल्याच्या काही औषधांत, काही आसवारिष्टांत ते असतं. वाटेत मोफत दवाखाने खूप असतात, तिथले लोक मनापासून सेवा करतात, पण त्यांना आपण सांगितल्याशिवाय कसं कळणार? म्हणून ह्यांच्या खिशात प्लॅस्टिकमध्ये घातलेली चिठ्ठी असते. दिंडीचा क्रमांक, ती पालखीच्या रथाच्या पुढे की मागे, चालू औषधं, माझा मोबाइल. चुकामूक झाली तरी तीच चिठ्ठी कामी येते. अंगदुखीची गोळीसुद्धा, अगदी पॅरासिटामॉलही, यकृताला इजा झालेल्या माणसाने मनाने घेऊ नये. उन्हात घाम फार गेला तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नये, जास्त झालं तर अपाय होतो.

तंबाखूबद्दल बोलायला लोक कचरतात. दिंडीत चंची सहज पुढे येते, आणि दारू सुटलेला हात तिकडे वळायला वेळ लागत नाही. एक व्यसन जाऊन दुसरं जडू नये म्हणून मी बडीशेप, भाजलेला ओवा आणि लवंग एका डबीत देते. ‘माऊली, माझी डबी आहे’ म्हणून ते ती पुढे करतात. नाही म्हणण्यापेक्षा हे सोपं पडतं.

संध्याकाळी समाजआरतीला तळ गच्च भरतो. चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंच करतात आणि टाळांचा एवढा कल्लोळ एका क्षणात थांबतो. हरवलं-सापडलं सांगितलं जातं. ज्या दिंडीचं गाऱ्हाणं असेल ती टाळ वाजवतच राहते, म्हणजे तिचं ऐकून घ्यायचं. दारूच्या काळात आमच्या घरात कुणी कुणाचं ऐकून घेत नव्हतं. त्या शांततेत हे माझ्या शेजारी हात जोडून उभे असतात, तेव्हा मला दुसरं काही मागावंसं वाटत नाही.

पंढरपुरात पोहोचल्यावर एकादशीच्या रांगेत कित्येक तास जातात. तिथे हट्ट करू नये. चंद्रभागेचं स्नान, नामदेव पायरीला डोकं टेकवणं, कळसाचं दर्शन. जमलं तर मुखदर्शन. वारकऱ्याला एवढं पोहोचतं.

खरी जपणूक पुढे आहे. गोपाळपूरचा काला झाला, घरी परतलं, की अठरा-वीस दिवसांची लय एकदम तुटते. पहाटे उठवणारं कुणी नाही, टाळ नाही, चालायचं नाही. संध्याकाळ समोर मोकळी पडते. म्हणून निदान पहिले पंधरा दिवस वारीचंच वेळापत्रक घरात चालवते. पहाटे आंघोळ, तासभर चालणं, व्यसनमुक्तीची आठवड्याची मीटिंग न चुकवणं. पूर्वी हे सातला बाहेर पडायचे, म्हणून हरिपाठ साडेसहाला आणि सातला ताट. मऊ भात, एक वाटी तांदळाला चार वाट्या पाणी, वर मेतकूट, तूप, लिंबाची फोड. वाफ जाण्याआधी वाढायचा, आणि आपणही शेजारी बसून जेवायचं.